वरचा मजला, जिना बाहेरून

परवा संध्याकाळी लिफ्टमध्ये आंबूस वास आला आणि मी चौथ्या मजल्याऐवजी दुसऱ्यावरच उतरलो. भिजलेल्या गव्हाचा वास. तीन दिवस पाण्यात राहिलेला गहू वाटून चीक काढला की तो वास घरात मावत नाही. दाराखालून जिन्यात येतो आणि कुणाकडे कुरडया चालल्यात ते सगळ्या बिल्डिंगला सांगून टाकतो. चार बंद दारं, चार पाट्या. मी एकेका दारासमोर थोडा थोडा थांबलो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं लोकांच्या दाराशी नाक वर करून उभं राहणं शोभत नाही, हे मला कळतं. पण माझी सगळी नोकरी बियाणं पाहण्यात, हुंगण्यात गेली आहे आणि जित्याची खोड काही जात नाही. वास नेमका कुठल्या दारातून येतो ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

कळलं असतं तर एकच विचारणार होतो, की बाई, वाळवता कुठे? कारण आमच्या गच्चीला कुलूप आहे. कुलपावर पाटी आहे की वर वाळवण घालू नये. गेल्या पावसाळ्यात मी नव्या जालन्यात हा फ्लॅट घेतला. दारावर माझं नाव आहे, विजेचं बिल माझ्या नावानं येतं, आणि चार पापड टाकायला माझ्या मालकीचं वीतभर ऊन नाही. त्याआधी चौदा वर्षं जालन्यातच, मस्तगडला भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. तिथलं काहीच माझं नव्हतं. पण गच्ची अख्खी होती, आणि उन्हाळ्यात सकाळी आठलाच पाय पोळायला लागायचे.

तिथल्या भिंतीत मी कधी खिळा ठोकला नाही. भाडेकरूनं खिळा ठोकू नये, हे कुणी सांगावं लागत नाही. आधीच्या भाडेकरूंनी ठोकलेले पाच खिळे होते, त्यांच्यावरच आमचं घर टांगलेलं होतं. एकावर कॅलेंडर, एकावर आरसा, एकावर रेणूचं दप्तर. आरसा फार वर होता, कारण तो खिळा वर होता. कोण उंच माणूस इथे राहून गेला असेल, याचा मी दाढी करताना पुष्कळ विचार केला आहे. आता माझ्या स्वतःच्या भिंती आहेत, कुठेही ठोका. आठ महिने झाले, एकही खिळा ठोकलेला नाही. आरसा अजून कपाटाला टेकून जमिनीवर उभा आहे. हे असं का होतं, मला खरंच कळत नाही.

मस्तगडच्या घराचा जिना बाहेरून होता, लोखंडी कठड्याचा. खाली मालकीणबाई राहायच्या, गोदामावशी, आणि वर मी आणि माझी मुलगी रेणू. रेणू तेव्हा चौथीत होती. तिची आई सुनंदा त्याच्या दीड वर्ष आधी गावी, कुंभार पिंपळगावला, आजारपणात वारली. ती होती तोवर मी जालन्यात एका मित्राच्या खोलीवर राहायचो आणि शनिवारी गावी जायचो. "एकदा जालन्याला खोली करा, आम्ही दोघी येतो," असं ती पुष्कळदा म्हणाली. मी "बघू" म्हणायचो. खोली केली, ती सुनंदा गेल्यावर. ही गोष्ट मी फार लोकांना सांगत नाही, पण ती माझ्या मनातून एक दिवसही गेलेली नाही.

मग दोघांचं घर सुरू झालं. नळाला तेव्हा आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. नळ आला की शाळा, कंपनी, सगळं बाजूला. पिंप, हंडे, बादल्या, तांब्ये, शेवटी चहाची भांडीसुद्धा भरायची. वेणी घालायला मी बियाण्याच्या पोत्यांच्या सुतळीवर शिकलो. तीन सुतळ्या खुर्चीला बांधून कंपनीत जेवणाच्या सुट्टीत सराव करायचो. तरी सहा महिने रेणूची एक वेणी कानाच्या वर आणि दुसरी कानाच्या खाली असायची. शाळेतून आल्यावर ती गळ्यातल्या किल्लीनं दार उघडायची, आमटी गरम न करताच पोळीबरोबर खायची आणि मी येईपर्यंत जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून अभ्यास करायची. आत का बसत नाहीस, विचारलं तर म्हणायची, "हितून गल्ली दिसती."

माझी मोठी बहीण, अक्का, परतूरला असते. तिचं स्वतःचं घर, पुढे अंगण, अंगणात लिंब. त्या वर्षी होळी झाल्यावर ती आली, आमची पिंपं पाहिली, रेणूच्या गळ्यातली किल्ली पाहिली आणि खाली बसली.

"बाळू, तू दिवसभर कंपनीत. बिनआईचं लेकरू, त्यात भाड्याचं घर. मालकीण उद्या म्हनली खाली करा, मंग कुठं जाशील पोरीला घिऊन? माझ्याकडं राहू दे तिला. परतूरला शाळा बराबर हाय. परीक्षा झाल्यावर आखजीला मी येती, घिऊन जाती."

अक्काचं काही चूक नव्हतं. तिनं मलाही लहानपणी कडेवर वागवलेलं. मी म्हणालो, "बघू." आमच्या घरात "बघू" म्हणजे हो, हे अक्काला माहीत होतं. रेणूलाही माहीत होतं. ती दाराशी उभी होती.

जाता जाता अक्कानं आखजीचाही विषय काढला. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखजीला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं पाणी भरून मातीची लहान घागर मांडतात. बाईसाठी असेल तर तिला केळी म्हणतात. वर खरबूज ठेवायचं, पुढे ताट वाढायचं. सुनंदाचं वर्षश्राद्ध झाल्यावरची ही पहिलीच आखजी. "केळी गावाकडंच मांडायला सांग भावकीला," अक्का म्हणाली. "भाड्याच्या घरात पितर येत न्हाईत. त्यांला आपला उंबरा लागतो."

अक्का गेल्यावर रेणूनं भांडी विसळता विसळता विचारलं, "पप्पा, आई गावच्या घरी आली आन आपण हितं असलो, तर ती कुणाला भेटंल?" मी विसळलेली भांडी पुसत राहिलो. थोड्या वेळानं म्हणाली, "तिला हे घर म्हाईत तरी हाय का?"

मी दाणे तपासणारा माणूस. ओल्या कागदात बी गुंडाळायचं, ठरलेल्या दिवशी उघडायचं, किती उगवले किती नाही ते लिहायचं. न उगवलेल्या दाण्यात काय झालं असेल, याचं कुतूहल मला कायम असतं. पण या प्रश्नाला कागद नव्हता. गेलेल्या माणसाला पत्ता कसा कळतो? माझं रेशनकार्ड गावचं, मतदान गावचं, सरकारदरबारी मी अजून कुंभार पिंपळगावातच झोपत होतो. सरकारला सापडत नाही तो माणूस त्याच्या बायकोला कसा सापडावा?

रेणूनं स्वतःच ठरवून टाकलं. केळी इथेच मांडायची. आणि ताटात तळलेली कुरडई लागते ती आपल्या घरची. शेजारपाजारच्या चार घरांनी आम्हाला कुरडया दिल्या असत्या, पण ती ऐकेना. "लोकाच्या घरची नको. आईला कळतं." ते खरं होतं. सुनंदा कुरडईचा तुकडा तोंडात टाकून सांगायची, गहू कुठला आणि हात कुणाचा. आणि मला त्या हट्टामागचं दुसरंही दिसत होतं. आखजीला अक्का न्यायला येणार होती. घरात कुरडया होतात ते घर असतं, एवढंच त्या पोरीला अक्काला दाखवायचं होतं. मलाही तेच दाखवायचं होतं, फक्त मी ते बोललो नव्हतो. रेणू गेली असती तर त्या दोन खोल्यांत मी काय केलं असतं, याचा विचार मी सुरू करायचो आणि अर्ध्यात सोडून द्यायचो.

तर मी गहू भिजवला. मला कुणाला विचारावंसंच वाटलं नाही. दाणा भिजवणं हा माझा धंदा! चांगला दोन किलो गहू निवडला, पातेल्यात घातला, वर पाणी, वर झाकण. तीन दिवस हात लावला नाही. नळाला आठ दिवस झाले होते आणि पिंपाचा तळ दिसत होता, त्यामुळे तर मला माझ्या शहाणपणाचं कौतुकच वाटलं. तिसऱ्या दिवशी गोदामावशी नाकाला पदर लावून जिना चढून आल्या.

"भाऊ, वर उंदीर मेला का काय?"

"नाही मावशी. कुरडईचा गहू भिजवलाय."

त्यांनी झाकण उघडलं आणि पटकन परत ठेवलं. "पाणी कितींदा बदललं?"

"बदलायचं असतं?"

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "बियान्याच्या कंपनीत तुमाला कोनी ठिवलं हो?"

"पाणी वाचवत होतो, मावशी."

"पानी वाचवाया गेले आन गहू घालवला. अहो, रोज बदलायचं असतंय. बदललेलं पानी का फेकून देतो आपन? त्यानं जिना धुवायचा, मोरी धुवायची. हितं कोन पानी फेकतंय?" मग रेणूचं तोंड पाहून त्यांचा आवाज उतरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं दोन दिवस वर्गातल्या पोरींना सांगून ठेवलं होतं की आमच्याकडे चीक खायला या.

"रडू नको गं. आखजीला अजून दिवस हायेत," मावशी म्हणाल्या. "आन भाऊ, एकट्यानं कुरडया बिलकुल होत न्हाईत. ह्ये सावडीचं काम हाय. तुम्ही आमच्या साच्याला हात लावा, आमी तुमच्या लावू."

सावड मला माहीत होती ती शेतातली. आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझे माझ्या. कुरडयांचीही सावड असते, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. गल्लीतल्या सहा घरांच्या बायका रोज एकीच्या गच्चीवर जमायच्या. बायकांच्या त्या पाळीत एक पुरुष आजवर गेलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी लाजत लाजत मावशींच्या मागं गच्चीवर गेलो. शेजारच्या गच्चीवर दात घासणारा माणूस दात घासायचाच थांबला. बायका पदरात हसल्या. पण चीक शिजवताना तो घोटायला आणि गरम असतानाच साच्याची मूठ फिरवायला मनगट लागतं, आणि सकाळपासून तेच करून बायकांचे हात भरून येतात. मी मूठ फिरवायला लागलो आणि एक पातेलं बघता बघता संपलं. तिसऱ्या दिवसापासून मला खालून हाका यायला लागल्या. "भाऊ, जल्दी या, चीक थंडा होऊन राह्यला!" रेणू कुरडया वाळत घातलेल्या जुन्या साडीच्या कडेला काठी घेऊन बसायची, डोक्यावर माझी टोपी, कावळ्यांवर डोळा. आणि पोरं वाटीत गरम चीक, त्यावर साखर, फुंकर मारून मारून खायची. जिच्या घरी कुरडया तिनं गल्लीतल्या लेकरांना चीक खाऊ घालायचाच, असा तिथला नियम. सहा सकाळी मी सहा गच्च्या पाहिल्या. मालक कोण, भाडेकरू कोण, हे गच्चीवर कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

सातवी पाळी आमची. रोज पाणी बदललेला गहू, बदललेल्या पाण्यानं धुतलेला जिना. त्या सकाळी मूठ फिरवता फिरवता मी मावशींना अक्काचं बोलणं सांगितलं. भाड्याच्या घरात पितर येत नाहीत, हे खरं का?

मावशी हसल्या. त्यांचं माहेर मेंढपाळाचं. वर्षातले आठ महिने मेंढरामागं फिरती, लग्न होईपर्यंत त्यांना घर असं नव्हतंच. आणि आता त्या मालकीण होत्या, आणि बांधावरून भावकीशी भांडणारा मी शेतकऱ्याचा पोरगा त्यांचा भाडेकरू.

"मंग आमचे पितर तं उपाशीच मेले म्हना पुन्यांदा," त्या म्हणाल्या. "आमचा कुठला उंबरा? आज ह्या शिवारात, उद्या त्या. आमची माय आखजीला पालाच्या तोंडाशी उभी राहायची आन मोठ्यानं सांगायची, आमी अमक्या गावच्या वढ्याला उतरलो हाओत, लिंबाखाली, मेंढरं डाव्या अंगाला हायेत, या. सांगितलं की येत्यात. न सांगता कसं येतीन? मानूस काय, पितर काय, बोलवावं तं लागतंय."

मी ऐकलं आणि मूठ फिरवत राहिलो. रेणूनंही ऐकलं, पण ती कावळ्यांकडे बघत होती, त्यामुळे मला ते कळलं नाही.

आखजीला सकाळच्या गाडीनं अक्का आली. हातात एक मोठी कापडी पिशवी, रिकामी, नीट घडी केलेली. ती कशासाठी आहे हे कुणी विचारलं नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात केळी मांडलेली, वर खरबूज. पुरणपोळी मावशींनी करून दिलेली, आमरस मी केला, आणि आमच्या कुरडया तेलात टाकल्या तशा फुलून कढईभर झाल्या. अक्कानं केळीकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मी ताट वाढलं आणि नमस्काराला रेणूला हाक मारली. ती घरात नव्हती.

ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती, गल्लीकडे तोंड करून, शाळेत प्रार्थनेला उभी राहते तशी ताठ.

"आई, आम्ही जालन्याला हाओत. मस्तगडला. पिठाच्या गिरणीपासून आत वळायचं. निळं गेट हाय. खाली गोदामावशी राहत्यात, त्यांला इचारलं तरी चालंल. आमचा वरचा मजला, जिना बाहेरून हाय. तिसरी पायरी हलती, जपून ये. पप्पा घरीच हायेत." मग ती आणखी मोठ्यानं म्हणाली, "आन मी बी हितंच हाय. पुढच्या आखजीला बी हितंच राहीन."

मी दारात होतो, अक्का माझ्या मागे. मला मागे वळून बघवेना. सुनंदा गेल्यापासून मी लेकरासमोर रडलो नव्हतो, त्या दिवशी रडलो.

जेवताना अक्कानं कुरडईचा तुकडा मोडला, खाल्ला आणि म्हणाली, "मीठ जास्ती झालं. वाळल्यावर वाढतंय, हे ध्यानात ठिवायचं असतंय." मग दुसरी कुरडई घेतली. हात धुताना म्हणाली, "पोरीला मी नेलं, आन सुनंदा एवढा पत्ता इचारत हितं आली, तं ती कुणाला पाहीन रं बाळू?" संध्याकाळच्या गाडीला मी तिला सोडायला गेलो तेव्हा पिशवी भरलेली होती. रेणूनं तिच्यात गळ्यापर्यंत कुरडया भरल्या होत्या.

त्यानंतर तेरा आखज्या आम्ही त्याच घरात केल्या. पायरी मावशींनी दुरुस्त करून घेतली, तसा पत्त्यातून तो भाग गळाला. कॉलेजात गेल्यावर रेणूचा आवाज बारीक झाला, पुण्याला नोकरी लागल्यावर ती सुट्टी काढून यायची आणि पायरीवर उभी राहून ओठातल्या ओठात बोलायची, पण पत्ता सांगितल्याशिवाय ताट वाढू द्यायची नाही. आता ती तिकडे दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहते. घर मी तिच्यासाठी घेतलं आणि ते झालं तेव्हा ती त्यात नव्हती, हेही आलंच. मावशींच्या गच्चीवर मी या चैत्रातही जाऊन आलो. मनगट पूर्वीचं राहिलेलं नाही, पण सावड सोडवत नाही, आणि माझ्या वाट्याच्या कुरडया डब्यात आहेत.

आज आखजी. रेणूला सुट्टी मिळाली नाही. मी एकट्यानंच केळी मांडली, ताट वाढलं, तेवढ्यात तिचा फोन.

"पप्पा, पत्ता सांगितला का?"

"अगं, आता आपलंच घर आहे. दारावर पाटी आहे."

"आई काय पाट्या वाचत येते का? ती अजून मस्तगडलाच जात असेल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मालक झालो आणि बोलवायचं विसरलो. फोन कानाला तसाच ठेवून मी गॅलरीत गेलो. समोरच्या गॅलरीत कुणीतरी कपडे वाळत घालत होतं, तरी मी मोठ्यानं सांगितलं. सुनंदा, आम्ही आता नव्या जालन्यात आलो. मोठं गेट आहे, वॉचमन नाव विचारेल, माझं सांग. चौथा मजला. लिफ्ट आहे, असं म्हणालो आणि आठवलं, की ती बिचारी जन्मात कधी लिफ्टमध्ये बसलेली नव्हती. जिन्यानंच ये, जिना आतून आहे.

"रेणू इथे नसते, पुण्याला असते," असं म्हणालो आणि पुढे मला बोलताच येईना. कारण पुण्यात कुठे, ते मला माहीत नव्हतं. मी तिथे एकदाच गेलो होतो, तिच्या गाडीवर मागे बसून. चौदा वर्षांपूर्वी लेकरानं आईला हलत्या पायरीसकट घर सांगितलं होतं, आणि मला माझ्या लेकीच्या घराचा रस्ता सांगता येत नव्हता.

"रेणू," मी फोनमध्ये म्हणालो, "तुझा पत्ता काय गं?"

ती सावकाश, एकेक तुकडा सांगत गेली आणि मी तिच्यामागून गॅलरीतून मोठ्यानं बोलत गेलो. बस थांबते तिथून डावीकडे. औषधाच्या दुकानाशेजारची गल्ली. पिवळी बिल्डिंग. तिसरा मजला, उजवीकडचं दार.

"आणि पप्पा, तिला सांगा, मी सातनंतरच घरी असते."

मी तेही सांगितलं.